जाऊबाईंचा पगार

माझ्या मुलाला माझ्या थोरल्या जाऊबाई सांभाळतात आणि त्या कामासाठी आम्ही त्यांना दर महिन्याला ठरलेली रक्कम देतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, आमच्यासारख्या एकत्र राहणाऱ्या शेतकरी घरात, ही गोष्ट अजूनही दबक्या आवाजातच सांगितली जाते. माझ्या ओळखीच्या काही शिक्षिका आपल्या नणंदेला किंवा मावशीला याच कामाचे पैसे देतात, पण कोणी विचारले तर "हातखर्चाला थोडेफार ठेवतो" एवढे बोलून विषय बदलतात. मला मात्र हे उघडपणे आणि सविस्तर लिहावेसे वाटते, कारण नोकरी करणाऱ्या आईबापांचे लेकरू सांभाळणारी घरची बाई ही आपल्याकडे सर्वांत जास्त गृहीत धरली जाते, आणि तिला पैसे द्यावेत की नाही हा प्रश्न मायेचा म्हणून बाजूला ठेवला जातो, तेव्हा तिची बुडालेली मजुरी, तिचा गेलेला हंगाम आणि तिचे म्हातारपण या सगळ्यांचा विचारही त्याबरोबर बाजूला पडतो.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा आमच्या गावापासून दूर, दुसऱ्या खेड्यात आहे आणि माझे पती तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नोकरी करतात. बाळंतपणासाठी मला १८० दिवसांची रजा मिळाली. ती संपली तेव्हा मूल नुकतेच वरणाचे पाणी आणि मऊ भात घेऊ लागले होते. अंगणवाडीत बसायला मूल तीन वर्षांचे व्हावे लागते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने खेड्यातल्या लेकरांचे मोठे भले केले आहे, हे मी शाळेत रोज पाहते. परंतु तीन वर्षांखालच्या मुलांसाठी अंगणवाडीचे काम वजन, लसीकरण आणि घरी न्यायचा आहार एवढ्यापुरतेच असते, आणि त्यावरची मुलेसुद्धा तिथे काही तासच थांबतात. रजा संपल्यापासून अंगणवाडीच्या पहिल्या दिवसापर्यंत अडीच वर्षांचा काळ जातो. त्या काळात मूल दिवसभर कोणाजवळ राहणार, हे प्रत्येक घराने आपापल्या बळावर ठरवायचे असते.

कायदा या बाबतीत अगदीच गप्प आहे असे नाही. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा आली, आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येता यावे अशीही तरतूद त्यात आहे. पण आमच्या तालुक्यात एका जागी पन्नास माणसे कामाला असतात तरी कुठे? दोनशिक्षकी शाळा, आरोग्य उपकेंद्र, ग्रामपंचायत, पतसंस्थेची शाखा, बियाण्या-खतांचे दुकान, एवढ्याच आमच्याकडच्या नोकऱ्यांच्या जागा. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवण्याची केंद्र सरकारची योजना आहे, ती आमच्या आसपासच्या गावांत अजून पोहोचलेली नाही. राज्य सरकारने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, तिचा मुलाच्या आजारपणात फार आधार होतो, पण ती रोजच्या सांभाळाची सोय नव्हे. त्यामुळे मूल घरच्याच माणसाकडे राहणार हे आमच्यासारख्यांच्या बाबतीत जवळजवळ ठरलेले असते.

आता ते घरचे माणूस काय सोडून मूल सांभाळते, हे नीट पाहिले पाहिजे. आमच्या घरी जमीन दोन्ही भावांची मिळून आहे आणि ती भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, पाहतात. ताई, म्हणजे माझ्या जाऊबाई, आषाढ-श्रावणात निंदणाला जात, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनच्या सोंगणीला जात, आणि त्यानंतर कापूस वेचायला. घरच्या वावरातली वेचणी आटोपली की त्या दुसऱ्यांच्या वावरात जात, आणि तिथे किलोमागे मिळणारा पैसा हा वर्षभरातला असा एकमेव पैसा असे, जो त्यांच्या हातात पडे आणि ज्याचा हिशेब त्यांना कोणी मागत नसे. निंदणाचा रोज आमच्याकडे बाईला अडीचशे-तीनशेच्या दरम्यान असतो, पुरुषाचा त्याहून बराच जास्त. वेचणीत हात चालणारी बाई दिवसाला याहून अधिक कमावते. लेकरू अंगावर घेतले की हे सारे थांबते, कारण सहा महिन्यांचे मूल धुऱ्यावर झोळी बांधून ठेवणे किती धोक्याचे आहे हे फवारणीच्या दिवसांत ज्याने वावर पाहिले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

मी पैशांचा विषय प्रथम काढला तेव्हा ताई म्हणाल्या, "आपल्याच घरचं लेकरू हाये, त्याचे का पैसे घेतात?" आणि लगेच पुढे म्हणाल्या, "मले पैसे नोको देऊ, पण कापूस वेचाच्या दिवसात मले वावरात जाऊ देजो." त्यांचे पहिले वाक्य घरातल्या सगळ्यांनी ऐकले आणि सर्वांना ते आवडले. दुसऱ्या वाक्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि मला वाटते खरी मागणी तिथेच होती. लेकराच्या मायेबद्दल त्यांच्या मनात काही शंकाच नव्हती. त्यांना काळजी होती ती स्वतःच्या हातातला एकमेव पैसा जाण्याची. मायेला किंमत नसते हे मलाही मान्य आहे आणि ती किंमत आम्ही कधी ठरवलीही नाही. ज्या मजुरीवर त्यांना पाणी सोडावे लागणार होते, तिची किंमत मात्र गावातला प्रत्येक माणूस सांगू शकतो.

किती द्यायचे हे ठरवताना मला एका सरकारी तरतुदीचा आधार मिळाला, आणि ती फार थोड्यांना माहीत असते म्हणून येथे सांगते. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा अनुभव गाठीशी घेऊन २००५ मध्ये देशासाठी जो ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत असे लिहिले गेले की कामाच्या जागी मजूर बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्या बायांपैकीच एकीला मुले सांभाळण्यासाठी नेमावे आणि तिला मजुरीच्या दरानेच पैसे द्यावेत. म्हणजे तळे खोदणारी बाई आणि खोदणाऱ्या बायांची लेकरे झाडाखाली सांभाळणारी बाई यांचा रोज कायद्याने सारखाच मानला. प्रत्यक्षात किती कामांवर अशी बाई नेमली जाते हा वेगळा प्रश्न आहे, आणि आमच्या भागात मी तरी ती क्वचितच पाहिली; पण मूल सांभाळणे हे मजुरीच्या तोडीचे काम आहे, हे देशाच्या कायद्याने लिहून ठेवले आहे, ही गोष्ट घरात बोलताना माझ्या फार उपयोगी पडली.

त्या हिशेबाने २०२४-२५ या वर्षात महाराष्ट्राचा रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. महिन्याचे २६ दिवस धरले की ७,७२२ रुपये होतात. आम्ही ८,००० रुपये ठरवले. २०२५-२६ साठी तो दर ३१२ रुपये झाला, म्हणजे महिन्याला ८,११२, तेव्हा आम्ही ताईंची रक्कम ८,५०० केली. हे दोन्ही दर मार्चच्या शेवटी जाहीर झाले आणि साधारण त्याच सुमारास गुढीपाडवा येतो. विदर्भात सालगड्याचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, साल पाडव्याला ठरते आणि पुढच्या पाडव्याला संपते, हे शेतकरी वाचकांना माहीत आहेच. सालगड्याशी बोलणी करताना रोख किती, धान्य किती, कपडे किती, आजारी पडला तर काय, हे चार माणसांसमोर स्पष्ट बोलले जाते आणि त्यात कोणालाही संकोच वाटत नाही. आमच्या भागात साल आता लाखाच्या पुढे गेले आहे. बैलांची आणि पिकाची राखण करणाऱ्या माणसाचा करार इतक्या उघडपणे होतो आणि घरातले लेकरू राखणाऱ्या बाईची वर्षाकाठी एका साडीवर बोळवण केली जाते, हे मला आता सहन होत नाही. म्हणून ताईंचीही रक्कम दर पाडव्याला बसून ठरवायची असे आम्ही नक्की केले आहे, आणि त्या बैठकीत सासूबाई, भासरे, आम्ही दोघे आणि ताई असे सगळे असतो.

एक गोष्ट मी येथे आग्रहाने मांडते. नातेवाईक आहे, घरातच जेवते, जाण्यायेण्याचा खर्च नाही, म्हणून तिला बाहेरच्या बाईपेक्षा कमी द्यावे असा सल्ला मला कित्येकांनी दिला. त्या घरात जेवतात तो त्यांचा हक्क आहे, तो त्यांच्या मजुरीतून वजा करण्याचा अधिकार मला कोणी दिला? उलट बाहेरची बाई सणाला सुट्टी घेते, भांडण झाले तर काम सोडते, दुसरीकडे जास्त मिळाले तर तिकडे जाते. घरच्या माणसाला यातले काहीच सहज करता येत नाही. ज्याला सोडून जाता येत नाही त्याला कमी द्यायचे, ही रीत न्यायाची नाही.

घरातून विरोध झाला आणि तो नीट समजून घेण्यासारखा होता. सासूबाई म्हणाल्या, "लोक म्हणतीन, लहानीनं मोठीले कामाले लावलं." त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. आमच्या घरात थोरल्या जावेचा मान मोठा, सणावाराला ओटी आधी तिची भरली जाते, आणि धाकटीने तिला पैसे देणे म्हणजे तो मान उलटा करणे असे गाव समजू शकते. भासऱ्यांचे म्हणणे वेगळे होते. घरातला पैसा घरातच फिरवून काय फायदा, असे त्यांनी विचारले. मृगाच्या आधी बियाणे आणि खतासाठी त्यांची किती ओढाताण होते हे मला माहीत आहे. तेच आठ हजार थेट शेतीत आले असते तर सर्वांचेच भले झाले असते, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली अशी की रक्कम माझ्या एकटीकडून जात नाही. अर्धी माझ्या पगारातून आणि अर्धी माझ्या पतींच्या पगारातून ताईंच्या बँक खात्यात जमा होते, आणि घरात तसे सांगितलेही जाते, त्यामुळे धाकटी जाऊ थोरलीला पगार देते असे चित्र उरत नाही. मुलाचे आईबाप मुलाच्या मोठ्या आईला तिच्या कामाचे पैसे देतात, एवढेच त्यात राहते. दुसरी अशी की पेरणीसाठी आम्ही जो वाटा देत होतो तो तसाच ठेवला, त्यातून एक रुपयाही कमी केला नाही. शेतीचा पैसा वेगळा आणि ताईंचा पैसा वेगळा, हे भासऱ्यांनी पुढे मान्य केले. अर्थात ते एका दिवसात झाले नाही आणि पहिल्या पेरणीच्या वेळी ताईंनी स्वतःच्या खात्यातून त्यांना काही रक्कम दिलीही. ती त्यांनी उसनी म्हणून दिली आणि सोयाबीन विकल्यावर परत घेतली.

अर्ध्या-अर्ध्या वाट्याबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण नोकरी करणाऱ्या आयांचे सर्वांत जास्त नुकसान येथेच होते. मूल झाले की घरात हिशेब मांडला जातो तो असा: तिचा पगार इतका, मूल सांभाळण्याचा खर्च इतका, जाण्यायेण्याचा खर्च इतका, मग उरते काय? आणि उरत नसेल तर नोकरी कशाला? शाळेत मानधनावर काम करणाऱ्या, आशा सेविका म्हणून फिरणाऱ्या किंवा खाजगी दवाखान्यात पाच-सहा हजारांवर राबणाऱ्या कितीतरी मुलींना मी या एका हिशेबामुळे घरी बसलेले पाहिले आहे. मुलाचा बापही कामावर जातो, त्याच्याही कामाला मूल सांभाळणारे कोणीतरी लागते, तर मग तो खर्च फक्त आईच्या पगारातून का वजा व्हावा? दोघांच्या मिळकतीतून तो वजा केला की उत्तर एकदम बदलते. माझे पती हे लगेच समजले असे मी म्हणणार नाही, पण कागदावर आकडे मांडल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी पतसंस्थेतल्या आपल्या खात्यावरून दरमहा रक्कम वळती करण्याचा अर्ज दिला.

पैसे ताईंच्या स्वतःच्या नावाच्या खात्यातच जावेत, हे मला रकमेइतकेच महत्त्वाचे वाटते. रोख दिले तर ते फडताळातल्या डब्यात जातात आणि डबा सगळ्या घराचा असतो. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा आधार जोडलेले खाते उघडण्यासाठी गावोगावच्या बाया बँकेत रांगेत उभ्या राहिल्या, ताईंचेही खाते तेव्हाच नीट चालू झाले, आणि त्याच खात्याचा आम्हाला उपयोग झाला. त्या पैशांचे त्या काय करतात हे मी कधी विचारत नाही. बचत गटातली मासिक बचत त्यांनी वाढवली आणि मुलीच्या अकरावीच्या शिकवणीचे पैसे स्वतः भरले, हे त्यांनीच मला सांगितले म्हणून मला माहीत आहे.

कामाच्या वेळेबद्दल आणि हद्दीबद्दल आधी बोलणे आवश्यक असते. माझी शाळा साडेदहाला भरते, पण उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की मला अंधारातच निघावे लागते आणि त्या दिवसांत ताईंचाही दिवस माझ्याबरोबर सुरू होतो. विदर्भातले ऊन लक्षात घेऊन आमच्याकडच्या शाळा उन्हाळी सुट्टीनंतर उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे मे आणि जूनचा बराचसा काळ मी घरी असते. त्या महिन्यांचे पैसे द्यायचे का, असा प्रश्न आला. मला सुट्टीतही पगार मिळतो, मग त्यांना का मिळू नये? शिवाय त्या दिवसांत वावरात बायांना काम जवळजवळ नसते, म्हणून त्यांना दुसरीकडून ते भरून काढता आले नसते. सुट्टीचा पूर्ण पैसा द्यायचा हे आम्ही ठरवले. दिवाळीच्या सुट्टीत मी मूल सांभाळते आणि ताई कापूस वेचायला जातात. त्यांनी सुरुवातीला मागितले होते ते असे निम्मे तरी पूर्ण होते. सुट्टीबाहेर वेचणीचे काही दिवस त्यांना हवे असतील तर मी रजा टाकते किंवा माझे पती टाकतात. त्या दिवसांचे पैसे कापले जात नाहीत.

मूल सांभाळण्याचे पैसे म्हणजे घरकामाचे पैसे नव्हेत, हेही स्पष्ट असावे. पैसे देणारा माणूस हळूहळू कामे वाढवत नेतो: लेकरू झोपले आहे तर तेवढे कपडे धुऊन टाका, आलाच आहात तर कणीक मळून ठेवा. आमच्याकडे सकाळचा स्वयंपाक सासूबाई आणि मी करतो, आणि पूर्वी ताई करत असत तो संध्याकाळचा स्वयंपाक आता माझ्याकडे आहे, कारण दिवसभर रांगत्या लेकराच्या मागे धावलेल्या माणसाने संध्याकाळी चुलीपुढे उभे राहावे ही अपेक्षा मला योग्य वाटत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र निर्णय कोणाचा यावर आमचे मतभेद झाले आणि अजूनही होतात. काजळ, बाळघुटी, चहात बुडवलेले बिस्कीट, रडले की हातात मोबाइल, या प्रत्येकावर आमची बोलणी झाली आहेत. पैसे देते म्हणून मी हुकूम सोडू लागले असते तर सासूबाईंची भीती खरी ठरली असती. आम्ही असे ठरवले की औषध, लसीकरण आणि मोबाइल यांबाबत आईबापांचा शब्द अखेरचा; खाणे, झोप, खेळणे आणि दिवसाचा क्रम यांबाबत ताईंचा. ताईंनी दोन मुले वाढवली आहेत आणि मी पहिले वाढवते आहे, तेव्हा दिवसाचा क्रम त्यांच्या हाती सोपवल्याने माझ्या मुलाचे भलेच झाले आहे. बिस्किटाच्या बाबतीत अजून एकमत नाही.

शिक्षिका म्हणून मला आणखी एका नात्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्या घरात आई आणि बाप दोघेही मजुरीला जातात आणि आजी-काकू कोणीच घरी नसते, तिथे धाकट्याला सांभाळते ती चौथी-पाचवीतली थोरली बहीण. कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या वर्गातल्या काही मुली येईनाशा होतात. घरी जाऊन विचारले तर कडेवर भाऊ घेऊन त्या दारातच उभ्या असतात. त्यांची आई निर्दय नसते. त्या दिवसांतला रोज बुडवणे त्या घराला परवडत नाही, एवढेच तिचे म्हणणे असते. मुलाला सांभाळणाऱ्या मोठ्या बाईच्या कामाला गावात किंमत असती, दोन-चार घरांनी मिळून एखाद्या काकूला मजुरीइतके पैसे दिले असते, किंवा अंगणवाडी संध्याकाळपर्यंत चालली असती, तर या मुली वर्गात बसल्या असत्या. मागच्या हंगामात आमच्या शाळेच्या गावातल्या तीन कुटुंबांनी एका मावशीकडे मुले ठेवली आणि प्रत्येकाने वेचणीच्या पैशातून तिला वाटा दिला. त्यातल्या एका घरची मुलगी माझ्या वर्गातली होती आणि ती त्या हंगामात नियमित शाळेत आली.

घरात बाई जे करते त्याचा देशाच्या पातळीवर हिशेब अगदीच झालेला नाही असे नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले. मुले, वृद्ध आणि आजारी यांच्या सांभाळात स्त्रियांची १३४ मिनिटे जातात आणि पुरुषांची ७६. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये लता वाधवा खटल्यात गृहिणीच्या कामाची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली होती, आणि २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात न्यायमूर्ती रमणा यांनी याच वेळ-वापर पाहणीचा आधार घेऊन गृहिणीचे उत्पन्न धरलेच पाहिजे असे लिहिले. दोन्ही प्रकरणे मृत्यूनंतरच्या भरपाईची होती. जिवंतपणी त्या कामाचा हिशेब करणे हे घरातल्या माणसांवरच येते. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत मुलाच्या शाळेच्या फीवर वजावट मिळते, पण मूल सांभाळणाऱ्याला दिलेल्या पैशांवर कोणतीच नाही. ताईंच्या बाजूने पाहिले तर ही रक्कम करपात्र मर्यादेच्या फार खाली असल्याने त्यांना कर भरावा लागत नाही.

म्हातारपणाचे मात्र ठरवावे लागते. नोकरीतल्या माणसाचा भविष्य निर्वाह निधी असतो, मूल सांभाळणाऱ्या नातेवाईकाचे काहीच नसते, आणि मूल मोठे झाले की तिच्या त्या वर्षांची नोंदही कुठे उरत नाही. ब्रिटनमध्ये २०११ पासून, नोकरी करणाऱ्या आईबापांचे बारा वर्षांखालचे मूल सांभाळणाऱ्या आजी-आजोबांच्या सरकारी निवृत्तिवेतनासाठी ती वर्षे धरली जातात. स्वीडनमध्ये १ जुलै २०२४ पासून आईबाप आपल्या भत्त्यासह मिळणाऱ्या पालकत्व रजेतले काही दिवस आजी-आजोबांच्या नावे करू शकतात. आपल्याकडे तसे नाही, पण असंघटित कामगारांसाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या श्रमयोगी मानधन योजनेत १८ ते ४० वर्षांपर्यंत नाव नोंदवता येते, जेवढा हप्ता आपण भरतो तेवढाच सरकार भरते आणि साठीनंतर महिन्याला ३,००० रुपये मिळतात. ताईंची चाळिशी अजून पूर्ण झालेली नव्हती, म्हणून आम्ही त्यांचे नाव नोंदवून घेतले आणि त्यांचा हप्ता त्यांच्या ८,५०० रुपयांतून न कापता वेगळा भरतो. ज्यांच्या घरी सांभाळणारी बाई चाळिशीच्या आतली आहे त्यांनी हे लवकर करावे, कारण वय उलटले की ते दार बंद होते.

आजीच्या बाबतीत काय करावे, असे मला काही मैत्रिणी विचारतात. सासूबाईही दुपारी मुलाला घेऊन बसतात. त्यांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला आणि आम्ही ताणून धरले नाही. त्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन, गुडघ्यांचे औषध आणि त्यांना हव्या त्या वेळी पंढरपूरला जाण्याचा खर्च आम्ही उचलतो. पण खेड्यातली पन्नाशीची आजी म्हणजे घरी बसलेली आजी नव्हे, ती अजून निंदणाला जाते, तिचाही रोज बुडतो, आणि तिला "तुम्हाला जमेल का?" असे न विचारता नातू मांडीवर ठेवला जातो. तिला आधी विचारावे, आणि ती नाही म्हणाली तर तो नकार ऐकावा. पैशांचे पुढे पाहता येते.

ताईंच्या बाबतीत हे विचारणे आता घरात सवयीचे झाले आहे. काम थांबवायचे असेल तर दोन्हीकडून तीन महिने आधी सांगायचे असे आमच्यात ठरलेले आहे, आणि मूल अंगणवाडीत जाऊ लागल्यावर उरलेल्या तासांचे काय द्यायचे ते त्या वर्षीच्या पाडव्याला ठरेल. मध्यंतरी पाहुण्यांमध्ये दुसऱ्या अपत्याचा विषय निघाला, तेव्हा सासूबाईंनीच सांगितले की आधी मोठीला विचारा, सांभाळणार ती आहे. ताईंनी विचार करायला आठ दिवस घेतले आणि मग सांगितले की त्यांच्या मुलीची बारावी होईपर्यंत त्यांना आणखी एक लेकरू घेणे जमणार नाही. आम्ही तोवर थांबणार आहोत.